पैसे देऊन घाम : हॉट योगा सुरू करणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या मिसिसागात आमचा पहिलाच जानेवारी महिना. बाहेर उणे 17, घरात हीटरची कोरडी हवा, ओठ फुटलेले आणि पाठीला सोफ्याचा आकार आलेला. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका शनिवारी हॉट योगाला नेलं. रात्री आईला फोनवर सांगितलं, 40 अंशांना तापवलेल्या खोलीत दीड तास आसनं करतात आणि त्याचे पैसे भरतात. आई नागपूरची. जरा थांबली आणि म्हणाली, "काय गं, पैसे देऊन घाम गाळून राहिली तू? मे महिन्यात घरी ये, फुकटात गाळ."

याला चार वर्षं झाली. मधल्या काळात ओळखीच्या सात-आठ जणांना मी सोबत नेलं. निम्मे दुसऱ्यांदा फिरकले नाहीत. योगा अवघड वाटला म्हणून नव्हे. आत काय होणार आहे हे त्यांना कुणी धड सांगितलंच नव्हतं (म्हणजे मी सांगितलं नव्हतं). ती चूक इथे भरून काढते आहे.

1. आधी हे नेमकं काय आहे ते समजून घ्या

तापवलेल्या खोलीतल्या कुठल्याही योगाला आज हॉट योगा म्हणतात. पण मूळ साचा एकच आहे, त्याला लोक "26 आणि 2" म्हणतात, म्हणजे 26 आसनं आणि 2 प्राणायाम. वेळ 90 मिनिटं, तापमान साधारण 40 अंश सेल्सियस, आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास. क्रम ठरलेला: उभ्याने प्राणायाम, मग उभी आसनं, मध्ये दोन मिनिटं शवासन, मग जमिनीवरची आसनं आणि शेवटी कपालभाती. बहुतेक प्रत्येक आसन दोनदा. जगात कुठेही जा, अर्धचंद्रासनानंतर उत्कटासन आणि त्यानंतर गरुडासनच येणार.

हा क्रम अमेरिकेत नेला कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी, 1970च्या दशकात. त्यांचे गुरू विष्णुचरण घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. चौधरींनी या क्रमावर मालकी सांगितली, पण 2015 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने आसनांच्या क्रमाला कॉपीराइट मिळत नाही असं स्पष्ट केलं. त्याच दशकात अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करत दावे लावले. 2016 साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांच्या माजी कायदा सल्लागार महिलेच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर बऱ्याच स्टुडिओंनी पाटीवरून त्यांचं नाव उतरवलं, क्रम मात्र तोच ठेवला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिसऱ्या पायरीत त्याचा संबंध येतो.

नावांचा एक घोळ. आपल्याकडे ताडासन म्हणजे दोन्ही पायांवर ताठ उभं राहून हात वर. इथे ताडासन म्हटलं की सगळे एका पायावर उभे राहतात, आपल्या वृक्षासनासारखे. माझी आई रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात वर्षानुवर्षं गेलेली, त्यामुळे मला वाटलं होतं मला सगळं येतं. पहिल्या दिवशी सबंध खोलीत दोन पायांवर मी एकटीच होते.

2. तुमच्या शरीराला हे चालेल का, ते विचारा

गरोदर असाल, हृदयविकार असेल, रक्तदाब कमी-जास्त होत असेल, पूर्वी कधी ऊन लागून पडला असाल, किंवा लघवी जास्त होणारी, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. "योगाच तर आहे" ही समजूत इथे कामाची नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. ताप, जुलाब, आदल्या रात्रीची पार्टी, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी सुट्टी.

गुडघा किंवा कंबर दुखरी असेल आणि तुम्ही पुण्यात असाल, तर आधी पट्टे, खुर्च्या, ठोकळे वापरून शिकवणाऱ्या अय्यंगार पद्धतीकडे जा, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम खोलीत दुखरा सांधा दुखत नाही. दुसऱ्या दिवशी दुखतो.

3. स्टुडिओ निवडा, आणि सहीआधी कागद वाचा

पहिल्यांदा जाताना लागतं ते एवढंच: फोटो असलेलं ओळखपत्र, कार्ड, चालू औषधांची यादी, आणि आणीबाणीत फोन करायला एक नंबर. हा नंबर त्याच शहरातल्या माणसाचा द्या. मी सवयीने आईचा दिला होता. मला चक्कर आली असती तर नागपुरात पहाटे तीनला फोन वाजला असता आणि आईने तिथून काय केलं असतं?

आल्या आल्या एक जबाबदारीमुक्तीचा कागद सही करायला देतात. त्यात तब्येतीचे प्रश्न असतात. खरं लिहा. लाजून "काहीही नाही" लिहिणारे खूप.

आता सापळा. स्वस्तात पहिला आठवडा किंवा पहिला महिना मिळतो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मुदत संपली की मासिक सभासदत्व आपोआप सुरू होईल. माझ्याकडून एका स्टुडिओने अशा दोन महिन्यांचे पैसे कापले, तेव्हा मी नागपुरात लग्नाच्या पंगतीत बसले होते. चूक माझीही होती, मी वाचलं नव्हतं. आमच्या ऑन्टारियो प्रांतात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आगाऊ पैसे घेणारा जिम-योगाचा करार, त्याची लेखी प्रत हातात आल्यापासून 10 दिवसांच्या आत कारण न देता रद्द करता येतो, आणि असा करार एका वर्षाहून लांब मुदतीचा करता येत नाही. रद्द करायचं तर ईमेलने करा. काउंटरवरच्या गोड मुलीला तोंडी सांगून भागत नाही. कंपनी आरोग्यासाठी वेगळा भत्ता देत असेल तर पावत्या जपून ठेवा. आमच्याकडे त्यातून अर्धे पैसे परत मिळाले.

आणि शिक्षकाने हात लावून आसन दुरुस्त केलेलं नको असेल तर सुरुवातीलाच सांगा: "मला हात लावू नका, तोंडी सांगा." कारण द्यायची गरज नाही. चांगल्या ठिकाणी यावर कुणी भुवई उंचावत नाही. जिथे उंचावतात तिथे परत जाऊ नका.

4. पिशवीत काय हवं

मॅट, मॅटभर पसरेल असा मोठा टॉवेल (तो नसला की घामावरून पाय सटकतो), अंघोळीचा दुसरा टॉवेल, लिटरभर पाण्याची बाटली, बदलायला सगळे कपडे, ओले कपडे टाकायला जाड प्लास्टिकची पिशवी. कपडे घट्ट आणि कमी. सैल सुती टी-शर्ट दहा मिनिटांत भिजून किलोभराचा होतो.

आता आपल्या बायकांसाठी, जे इथल्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. टिकली लावून जाऊ नका, पहिल्या प्राणायामात ती मॅटवर. डोक्याला तेल लावलं असेल तर ते घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि अर्धा तास डोळे चोळण्यात जातो. मंगळसूत्र घरी ठेवा. धातू तापतो, आणि पवनमुक्तासनात हनुवटी खाली घेतली की ते गळ्यात रुततं. चष्म्यावर आत शिरताच वाफ धरते, चष्म्याशिवाय चालत असेल तर उत्तम.

5. त्या दिवशीचं खाणंपिणं

पोटभर जेवण आणि क्लास यांत तीन तास हवेत. संध्याकाळचा क्लास असेल तर दुपारी साधं वरण-भात. फारच भूक असेल तर तासभर आधी एक केळं. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या. दारात उभं राहून गटागटा लिटरभर प्यायलं तर भुजंगासनात ते सगळं आठवतं.

क्लासनंतर नुसतं पाणीच पाणी पिणंही बरोबर नाही. घामातून मीठ जातं, आणि नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबू सरबत, काहीही चालेल. घरगुती मिश्रण हवं असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वर्ज्य असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

6. पहिला क्लास: फक्त खोलीत राहा

दहा मिनिटं आधी आत जाऊन मॅटवर नुसतं पडून राहा. जागा मागची, दाराजवळची घ्या. तिथे किंचित गार असतं आणि पुढच्यांचं पाहून करता येतं. शिक्षक बहुधा स्वतः आसन करून दाखवत नाहीत, नुसतं बोलत राहतात. बोलण्याचा वेग सुरुवातीला लिलावासारखा वाटतो. अर्धं कळलं नाही तरी चालतं.

मी नवतप्यात वाढलेली. रोहिणी नक्षत्र लागलं की नागपुरात पारा 45-46 वर जातो, आम्ही वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून दुपार काढायचो. 40 अंशांचं मला कौतुक नव्हतं. मैत्रिणीला म्हटलंही, "हे तर आमच्याकडे मार्चमध्ये असतं." विसाव्या मिनिटाला मी मॅटवर आडवी होते.

कारण साधं आहे. नागपूरची उष्णता कोरडी. घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंग गार करतो. या खोलीत आर्द्रता मुद्दाम वाढवलेली असते. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे गार व्हायचा मार्गच अर्धा बंद. शिवाय आपण उन्हाळ्यात दुपारी एका पायावर उभे राहत नव्हतो.

म्हणून पहिल्या दिवशी एकच काम: दीड तास खोलीत राहायचं. जमेल ते आसन करा, जमणार नाही तेव्हा बसा, बसवत नसेल तर शवासनात पडा. तोंड मिटून नाकाने श्वास. नाकाने श्वास घेता येत नाही असं वाटलं की समजा, तुम्ही जास्त जोर लावता आहात. हे मोजमाप फुकटचं आहे आणि मला तरी त्याने कधी फसवलेलं नाही.

पाणी प्यायची पहिली वेळ साधारण गरुडासनानंतर येते. त्याआधी पिऊ नका म्हणतात, पण तहान असह्य झाली तर प्या. शिक्षा कुणी करत नाही.

सर्वांत अवघड असतं उष्ट्रासन. गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं, हात टाचांवर, छाती आढ्याकडे. क्लासच्या शेवटच्या भागात, थकल्यावर येतं. मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, काहींना रडू येतं. पहिले काही क्लास हात कमरेवरच ठेवा आणि मान मागे टाकू नका.

"खोलीबाहेर जाऊ नका" असं शिक्षक सांगतात. त्यामागचं कारण खरं आहे: एकदम उठून गार हवेत गेलं तर चक्कर येऊन पडायची भीती. पण तो नियम तुरुंगाचा नाही. गरगरणं, मळमळ, धाप, ही दिसली की बसायचं किंवा आडवं व्हायचं. घाम थांबणं, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, डोकं ठणकणं, उलटी, ही दिसली की खोलीबाहेर जायचं. शिक्षकाला हाक मारा, भिंतीला धरून जा, सोबत कुणाला तरी घ्या. आणि शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, विचारलेलं त्याला कळेनासं झालं, तर आसन गेलं खड्ड्यात, त्याला गार जागी न्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

7. पहिले पंधरा दिवस

शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, नाडी कमी धावते. या काळात एक दिवसाआड जा. "30 दिवसांत 30 क्लास" अशी आव्हानं भिंतीवर लावलेली दिसतील, त्यांकडे सध्या पाठ करा.

गरम खोलीत अंग लोण्यासारखं वाकतं. हाच मोठा सापळा आहे. स्नायू सैल होतात आणि त्या भरात माणूस सांध्याभोवतीचे बंधही ताणून बसतो. पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ पहिल्यांदा गुडघ्याला टेकलं त्या आनंदात मी मांडीमागची शीर अशी ताणली की सहा आठवडे जिना एकेक पायरी चढत होते. जितकं वाकता येतं त्याच्या थोडं अलीकडे थांबा.

"घामातून विषद्रव्यं बाहेर पडतात" हे ऐकायला मिळेल. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. क्लासनंतर काटा किलोभर खाली दिसतो तेही पाणीच, रात्रीपर्यंत परत येतं. हजार कॅलरी जळण्याच्या बाता होत्या. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मोजून पाहिलं तेव्हा एका क्लासला पुरुषांच्या सरासरी 460 आणि बायकांच्या 330 निघाल्या. भराभर चालून येण्याइतक्याच. वजनासाठी येत असाल तर हे आधीच माहीत असू द्या.

8. खोलीबाहेर काय येतं

मग येते कशाला, असं नवऱ्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर मला द्यायला वर्ष लागलं.

क्लासमध्ये एक बारीकसा नियम असतो: घाम पुसू नका. पुसला की पुन्हा येतो, आणि पुसताना आसन मोडतं. पहिले काही आठवडे मी सतत काहीतरी करत होते: केस मागे, कपडे सारखे, टॉवेल सरळ, बाटलीचं झाकण. समोर भिंतभर आरसा, त्यात ही चुळबुळ लपत नाही. मग आठवली आजी. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की आम्ही पोरं पुठ्ठ्याने वारा घालत धुमाकूळ घालायचो आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. "हलू नका रे, हलाल तितकं जास्त होते," म्हणायची. तेव्हा ते पोरांना गप्प बसवायचं निमित्त वाटायचं. आता ऑफिसात कुणाचा तिखट ईमेल आला की माझा हात लगेच उत्तराच्या बटणाकडे जातो, आणि तेव्हा मला जाणवतं की हे घाम पुसणं आहे. काही वेळा थांबते. काही वेळा पुसतेच.

दुसरं, जमिनीवरच्या आसनांमध्ये वीस-वीस सेकंदांचं शवासन असतं. वीस सेकंदात काय होणार, असं वाटायचं. होतं. दोन मीटिंगांच्या मध्ये मी आता फोन उचलत नाही, खुर्चीत नुसती बसते. मुलाला शाळेतून आणल्यावर गाडी बंद करून दार उघडण्याआधी तेवढंच. मुलगा आता स्वतःच मोजतो, अठराला "झालं" म्हणतो.

आणि तिसरं, जे मी नव्यांना आवर्जून दाखवते. दंडायमान धनुरासनात, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागून वर नेताना, पंधरा वर्षं सराव केलेले लोकही धडपडतात. शिक्षकही. पडतात आणि परत उभे राहतात, खोलीत कुणी वळूनही पाहत नाही. इथे नवीन आलेल्या आपल्या माणसाला इंग्रजी अडखळण्याची, रांगेत चुकीचा फॉर्म पुढे करण्याची जी लाज असते, ती माझी तिथे बरीच कमी झाली. गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पुन्हा त्याच परीक्षकाच्या शेजारी बसले. पूर्वीची मी तारीख बदलून घेतली असती.

उलट बाजूही सांगायला हवी. "सहन कर, पाच मिनिटांनी जाईल" हे सगळीकडे लावायचं नसतं. दुसऱ्या हिवाळ्यात दाढ दुखत होती, मी श्वास मोजत दहा दिवस काढले आणि मग थेट रूट कॅनाल करावं लागलं. नकोसं वाटणं वेगळं आणि बिघडलेलं असणं वेगळं. खोलीत ही दोन्ही लक्षणं ओळखायला मी लवकर शिकले, दाताच्या बाबतीत नाही.

9. क्लास संपल्यावर

लगेच उठू नका. दोन-तीन मिनिटं पडून राहा, कुशीवर वळा, मग बसा. थंडीत बाहेर पडण्याआधी कपडे पूर्ण बदला, केस वाळवा, कानटोपी घाला. ओल्या केसांनी पार्किंगपर्यंत गेलात तर बटा कडक होऊन वाजतात, मी ऐकलं आहे. दोन तास जड जेवण नको.

टॉवेल आणि कपडे त्याच रात्री मशीनमध्ये टाका. तोवर निदान पाण्यातून काढून बाथटबवर वाळत टाका. एकदा पिशवी शुक्रवार ते सोमवार बंद राहिली होती, त्यातला टॉवेल शेवटी टाकून द्यावा लागला. मॅट कोमट पाणी आणि थोड्या व्हिनेगरने पुसून उलगडूनच वाळवा. आणि ती डिकीत विसरू नका. जानेवारीत ती पोळपाटासारखी कडक होते, आणि मग गरम खोलीतही सरळ व्हायला गरुडासनापर्यंतचा वेळ घेते.